ओळख पटली म्हणजे फाइल निर्दोष ठरली का?

अकोल्यात किंवा अमरावतीत एखाद्या गुन्ह्यात संगणक जप्त झाला की डिस्कमध्ये लाखो फाइली निघतात. त्यातल्या बहुतेक मालकाने तयार केलेल्या नसतातच. विंडोज, ब्राउझर, ऑफिस यांच्यासोबत आलेल्या लायब्ररी फाइली असतात. त्या बाजूला काढायला हॅश कामी येतो. फाइलमधल्या प्रत्येक बाइटवर ठरलेलं गणित चालवलं की ठरावीक लांबीची खूण मिळते. एसएचए-२५६ या हॅश-पद्धतीची खूण ६४ अक्षरांची. ती माहीत असलेल्या फाइलींच्या यादीशी ताडून पाहायची.

नाव बदललं की हॅश बदलतो, हा पहिला गैरसमज. नाव फाइलच्या आत नसतं, त्यामुळे हॅश तोच राहतो.

यादीत सापडली म्हणजे फाइल सुरक्षित, हा समज मात्र घातक आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेची अशी मोठी हॅश-यादी तपासयंत्रणा वापरतात. ती ‘ज्ञात’ फाइलींची आहे, ‘चांगल्या’ फाइलींची नव्हे. हॅकिंगची साधनंही तिच्यात आहेत. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या अधिकृत आवृत्त्यांतच चोरवाट सापडली. हॅश तंतोतंत जुळत होता, कारण मूळ फाइलच दूषित होती.

उलट, यादीत नाही म्हणजे ती लायब्ररी संगणकावर नाही, असंही नव्हे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीतली त्रुटी उघड झाली, तेव्हा सदोष फाइलींचे हॅश लगेच प्रसिद्ध झाले. पण अनेक कंपन्यांनी ती लायब्ररी आपल्या मोठ्या जार फाइलमध्ये, म्हणजे अनेक फाइलींच्या एकत्र गठ्ठ्यात, मिसळून टाकली होती. बाहेरच्या फाइलचा हॅश वेगळा, त्यामुळे नुसती यादी ताडणाऱ्यांच्या नजरेतून धोका निसटला. जार उघडून आतल्या फाइली तपासणं, हाच मार्ग होता. एक बाइट बदलला तरी हॅश पूर्ण बदलतो; ‘जवळपास तीच’ फाइल त्याला ओळखता येत नाही.

एमडी५ ही जुनी हॅश-पद्धत पुरेशी आहे, असं अजूनही ऐकू येतं. एकच एमडी५ असलेल्या दोन वेगळ्या फाइली २००४ मध्येच बनवून दाखवल्या गेल्या. २०१७ मध्ये एसएचए-१ या पद्धतीचंही तेच झालं. आधीपासून असलेल्या फाइलचा हॅश मुद्दाम जुळवणं आजही व्यवहारात जमलेलं नाही, पण एसएचए-२५६ हाताशी असताना वादाला जागा ठेवायची कशाला?

हॅश आता कोर्टातही महत्त्वाचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. अमरावतीत राज्याची प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. पण प्रयोगशाळेत काढलेला हॅश त्याआधी डिस्कचं काय झालं, हे सांगू शकत नाही. म्हणून वऱ्हाडातल्या तपास अधिकाऱ्यांना आणि वकिलांना विनंती: एसएचए-२५६ जप्तीच्या वेळीच काढा, पंचनाम्यात लिहा आणि त्याची प्रत आरोपीलाही द्या.