तीन मिनिटांचा हिशेब

माझ्याकडे बुद्धिबळ शिकायला येणारा एक तरुण हिंजवडीत नोकरी करतो. कंपनीच्या बसमध्ये तो फोनवर खेळतो, रात्री घरी लॅपटॉपवर. त्याचा प्रकार ठरलेला आहे : ब्लिट्झ, दोघांना तीन-तीन मिनिटे आणि वर एकही सेकंद नाही. लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर त्याचे रेटिंग बराच काळ एकाच पट्ट्यात फिरत होते. १९०० ला शिवायचे आणि परत खाली यायचे. पहिल्याच भेटीत त्याने मागणी सांगितली, “सर, माझा वेग कमी पडतोय. तेवढा वाढवायचाय.”

मी त्याचे अलीकडचे हरलेले डाव मागवले आणि चालींच्या आधी घड्याळ वाचायला बसलो. लिचेसच्या विश्लेषणात प्रत्येक चालीला किती वेळ गेला याचा आलेख मिळतो. तीन मिनिटांचे सेकंद होतात १८०. डाव चाळीस चालींचा धरला, तर एका चालीच्या वाट्याला साडेचार सेकंद येतात. अर्थात अशा सरासरीने कोणीच खेळत नाही. वेळ कुठे वाचवला आणि कुठे उधळला, यावरून खेळाडू ओळखता येतो. याच्या आलेखात पहिल्या दहा चाली जेमतेम दिसत होत्या. मग बाराव्या-चौदाव्या चालीच्या आसपास तीस-पस्तीस सेकंदांचा एक उंच खांब, आणि पुढे पुन्हा सगळे बुटके. एकामागून एक डाव उघडत गेलो, तर खांब जवळजवळ त्याच जागी उभा.

कच्च्या बाजूंकडे वळण्याआधी त्याच्या जमेच्या बाजू सांगायला हव्यात, कारण त्या खऱ्या आहेत. त्याची ओपनिंग ठरलेली आहे. पांढऱ्या मोहऱ्यांनी लंडन पद्धत, काळ्यांनी ई४ ला कॅरो-कान. रोज नवे काही करून पाहण्याची हौस तो बाळगत नाही, म्हणून पहिल्या दहा चाली दहा-बारा सेकंदांत उरकतात. दुसरी बाजू नजरेची. घोडा एकाच वेळी राजा आणि हत्तीवर पडत असेल, शेवटच्या रांगेत राजा आपल्याच प्याद्यांमागे कोंडला असेल, उंटाच्या कर्णावर वजीर राजाच्या पुढे अडकला असेल, तर त्याला ते शोधावे लागत नाही. पटावर आधी तेवढेच दिसते. तिसरी बाजू चिवटपणाची. एक मोहरा कमी झाला म्हणून तो डाव सोडत नाही. आपले घड्याळ पडले तरी समोर नुसता राजा उरला असेल, तर डाव बरोबरीत सुटतो, हा नियम त्याला पाठ आहे. त्यामुळे हातात चार सेकंद असताना तो प्रतिस्पर्ध्याचे शेवटचे प्यादे टिपायच्या मागे लागतो.

ही नजर म्हणजे नेमके काय, याचा अभ्यास झालेला आहे. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रोट यांच्या कामाचा धागा पकडून विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. खऱ्या डावातली एक स्थिती पाच सेकंद दाखवायची, मग झाकायची आणि रिकाम्या पटावर मोहरी परत मांडायला सांगायची. निष्णात खेळाडूने बहुतेक मोहरी बरोबर मांडली, नवख्याला मोजकीच जमली. तीच मोहरी पटावर कशीही विखरून दाखवली, तेव्हा निष्णाताची आघाडी जवळपास नाहीशी झाली. म्हणजे त्याची स्मरणशक्ती सर्वसाधारणच होती. त्याला ओळखीचे गट दिसत होते : कॅसलिंग केलेला राजा आणि त्याच्या पुढची तीन प्यादी हा एक गट, एकमेकांना आधार देणारे दोन हत्ती हा दुसरा. ब्लिट्झमध्ये भराभर चाललेला हात असा ओळखीच्या मुलखातून चालत असतो. विश्वनाथन आनंद २०१७ च्या अखेरीस रियाधला जागतिक रॅपिड, म्हणजे जलद डावांची, स्पर्धा जिंकले, तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. नुसत्या बोटांच्या चपळाईवर हा खेळ चालत असता, तर त्या वयात ते घडले नसते.

मग याचा हात बाराव्या चालीला का अडखळतो? कॅरो-कानमधलीच एक स्थिती घेतली. पांढऱ्याने ई५ वर प्यादे रेटले की काळा आपला पांढऱ्या घरांवरचा उंट एफ५ वर बाहेर काढतो आणि मग ई६ खेळतो. इथवर हा डोळे झाकून येतो. पुढे घोडे बाहेर पडतात आणि पटावर मारामारी अशी काहीच उरत नाही. टिपायला मोहरा नाही, द्यायला शह नाही. मी विचारले, “आता काय करायचं?” तो म्हणाला, “इथे मला काही दिसतच नाही.” या मांडणीत काळ्याचे मुख्य काम सी५ खेळून डी४ वरच्या प्याद्यावर दाब आणण्याचे असते, कारण ई५ चे प्यादे त्याच्याच आधारावर उभे असते. त्याने चाली पाठ केल्या होत्या, त्या कशासाठी आहेत हे विचारले नव्हते. पाठ केलेले संपले की तिथेच खांब उभा राहायचा, आणि तीस सेकंद घालवून तो कडेचे एखादे प्यादे एक घर सरकवायचा.

इंजिन इथे फसवते. डाव संपल्यावर स्टॉकफिश हे विश्लेषणाचे इंजिन चौतिसाव्या चालीवर लाल खूण करते : इथे हत्ती फुकट गेला. तो ती खूण पाहून स्वतःवर चिडायचा, “एवढं साधं कसं दिसलं नाही?” दिसले नाही, कारण त्या चालीला त्याने अर्धा सेकंद दिला होता. त्याच्याकडे द्यायला तेवढाच उरला होता. हत्ती कुठे गेला हे इंजिन बिनचूक सांगते. तो का गेला, हे वीस चाली मागे घड्याळात लिहिलेले असते.

इतर कच्चे दुवेही घड्याळाशीच बांधलेले निघाले. मागे येणाऱ्या चाली त्याच्या नजरेतून सुटतात. समोरचा उंट लांबच्या कर्णावरून माघारी येऊन प्यादे मारील किंवा घोडा मागे सरकून दुसऱ्या मोहऱ्याची वाट मोकळी करील, हे त्याच्या हिशेबात नसते. प्रतिस्पर्धी चाल करतो त्या क्षणी हा आपल्याच बेतात असतो, म्हणून ती चाल तो पाहतो पण वाचत नाही. शिवाय प्रीमूव्ह, म्हणजे समोरच्याची पाळी असतानाच आपली पुढची चाल लावून ठेवणे. लिचेसवर प्रीमूव्हला वेळ लागत नाही आणि एका वेळी एकच लावता येते. चेस डॉट कॉमवर अनेक लावता येतात, पण प्रत्येकीला सेकंदाचा दहावा भाग कापला जातो. ही सोय कामाची, पण तिच्यात जात-पात आहे. समोरचा आपला मोहरा मारणारच, असे धरून लावलेला परतीचा मार सुरक्षित असतो. त्याने मारले नाही, तर आपली चाल नियमात बसत नाही आणि आपोआप रद्द होते. रिकाम्या घरात लावलेली चाल मात्र नियमात बसेल तोवर पडतेच. पांढऱ्याने बी३ खेळले, काळ्याने जी६ खेळून उंट जी७ वर जाण्याची प्रीमूव्ह लावली आणि पांढऱ्याचा उंट बी२ वर आला, की काळा तिसऱ्या चालीलाच उंट गमावतो, मागोमाग कोपऱ्यातला हत्तीही. हा सापळा सगळ्यांना ठाऊक आहे. तरी रात्री अकरानंतरच्या डावांत तो याच्याही नावावर सापडला.

रात्री अकरानंतरचे डाव हा स्वतंत्र विषय आहे. सलग दोन डाव गेले की तो ‘टिल्ट’ होतो, म्हणजे त्याचे डोके ठिकाणावर राहत नाही. गेलेले रेटिंग झोपण्याआधी परत मिळवायचे म्हणून तो लगेच पुढचा डाव लावतो. त्याला कागदावर हिशेब करून दाखवला. समान ताकदीचे दोघे खेळत असतील आणि बरोबरीचे डाव बाजूला ठेवले, तर सलग पाच डाव हरण्याची शक्यता ३२ त एक. रोज ढीगभर डाव खेळणाऱ्याला अशी साखळी अधूनमधून भेटणारच. दोघांच्या रेटिंगमध्ये २०० चा फरक असला, तरी दुबळा खेळाडू चारांतला एक गुण साधारण नेतोच. पन्नास-साठ गुणांची पडझड हा या खेळाचा नेहमीचा श्वासोच्छ्वास आहे. तिच्यावर उपाय म्हणून मध्यरात्री खेळलेले डाव तेवढे खरे नुकसान करतात.

सर्वांत मोठी गळती होती एंडगेममध्ये. एक प्यादे जास्त, दोघांकडे एकेक हत्ती, घड्याळात पंधरा सेकंद. अशा वेळी तो हत्तींची अदलाबदल करून टाकायचा, कारण मोहरी कमी झाली की खेळ सोपा होतो, असा त्याचा समज. पण राजा आणि प्यादे विरुद्ध नुसता राजा, या लढतीत एका घराने निकाल फिरतो. कडेचे प्यादे वगळले, तर आपला राजा प्याद्याच्या दोन घरे पुढे पोहोचला असेल तर डाव जिंकलेला. एकच घर पुढे असेल तर बहुतेक वेळा पाळी कोणाची यावर सारे अवलंबून. हे पाच सेकंदांत मोजता येत नाही, आधीच माहीत असावे लागते.

उपचार ठरवताना पहिली गोष्ट घड्याळाचीच बदलली. तीन मिनिटांवर प्रत्येक चालीला दोन सेकंद वाढीव, म्हणजे ३+२. चालीगणिक वेळ वाढवणाऱ्या घड्याळाचे पेटंट बॉबी फिशरला १९८९ मध्ये मिळाले, आणि १९९२ च्या स्पास्कीविरुद्धच्या सामन्यात ते घड्याळ वापरले गेले. जागतिक ब्लिट्झ स्पर्धाही ३+२ वरच होते. दोन सेकंद दिसायला किरकोळ, पण त्यांच्यामुळे निव्वळ घड्याळ पाडून जिंकण्याची सवय मोडते आणि एंडगेम खेळावाच लागतो. दुसरी गोष्ट, सुटीच्या दिवशी १५+१० चे संथ डाव. तिसरी, हरलेल्या प्रत्येक डावात इंजिन सुरू करण्याआधी आलेखातला उंच खांब शोधायचा आणि तिथे आपण कशात अडकलो होतो, हे एका वाक्यात वहीत लिहायचे. चौथी, कोडी सोडवताना घाई नाही. उत्तर पूर्ण दिसल्याशिवाय पहिली चाल करायची नाही. पाचवी, सलग दोन पराभव झाले की त्या दिवसापुरता खेळ बंद.

चाल करण्याआधी समोरच्याचे शह, मार आणि धमकी या क्रमाने पाहायचे, हेही ठरले. सुरुवातीला त्यात प्रत्येक चालीला तीन-चार सेकंद जायचे आणि तो घड्याळावर हरू लागला. रेटिंग खाली आले. “सर, हे उलटंच होतंय,” असा फोन आला. मी त्याला वहीतली वाक्ये वाचायला लावली. पहिल्या पानांवर ‘काय करायचं कळेना’ हे पुन्हा पुन्हा होते. नंतरच्या पानांवर ‘सी५ आत्ता की कॅसलिंगनंतर?’ असे प्रश्न आले होते. ज्याला प्रश्न नेमका विचारता येतो, त्याला उत्तरासाठी तीस सेकंद लागत नाहीत. काही आठवड्यांनी आलेखातला एकटा खांब मोडला आणि त्याच्या जागी सहा-सात सेकंदांचे तीन-चार ठोकळे दिसू लागले. रेटिंग जुन्या पट्ट्याच्या जरा वर स्थिरावले. फार नाही, पण आता ते तिथे टिकते.

पडद्यावरच्या या घाईला काय किंमत, असे जुने खेळाडू विचारतात. पण २०१६, २०१८ आणि २०२३ चे जगज्जेतेपद शेवटी रॅपिड डावांवरच ठरले. जुलै २०२५ मध्ये बाटुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला, तोही संथ डाव बरोबरीत सुटल्यावर. दुसऱ्या रॅपिड डावात वेळेच्या तंगीत चुकली ती कोनेरू हंपी, स्वतः दोनदा जागतिक रॅपिड विजेती ठरलेली. वेळ वाटून खेळणे हे कौशल्य सगळ्यात वरच्या पायरीवरही लागते, आणि तिथेही कमी पडू शकते.

अलीकडे हा तरुण शहरातल्या एका रॅपिड स्पर्धेत लाकडी मोहऱ्यांनी खेळला आणि नव्या उणिवा घेऊन आला. पडद्यावर वरून सपाट दिसणारा पट समोर तिरका दिसतो, आणि लांबचे कर्ण त्याला दिसेनात. ज्या हाताने चाल, त्याच हाताने घड्याळ दाबायचे, हे विसरायला होई. मोहऱ्याला हात लावला की तोच खेळावा लागतो, इथे माउस सोडून देता येत नाही. प्रीमूव्ह तर नाहीच. पण एका डावात तो हत्ती आणि प्यादे विरुद्ध नुसत्या हत्तीने बचाव करत होता. राजा प्याद्याच्या वाटेवर उभा करून त्याने हत्ती आपल्या तिसऱ्या रांगेत रोखून धरला, प्यादे पुढे सरकताच हत्ती प्याद्याच्या पार मागे नेऊन शह देत राहिला आणि बरोबरी घेतली. हा अठराव्या शतकातल्या फिलिडोरचा बचाव. त्या शेवटच्या चाली त्याने किती सेकंदांत खेळल्या, असे विचारले तर म्हणाला, “विचार करावाच लागला नाही.” पुढच्या महिन्याचे काम त्यातूनच ठरले आहे : आणखी पाच एंडगेम, असेच विचार न करता येतील इतके घोटायचे.