क्रिएटिनिन वाढलं, म्हणून गोळी बंद?

‘बीपीच्या गोळ्यांनी किडनी जाते’ हे दवाखान्याच्या बाकावर मोठ्या खात्रीने सांगितलं जातं. पुरावाही हातात असतो: टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल सुरू केल्यानंतरचा रिपोर्ट. क्रिएटिनिन १.२ होतं, ते १.४ झालं. मग गोळी परस्पर बंद.

आकडा खरा असतो. निष्कर्ष बहुतेकदा चुकतो.

किडनीतल्या प्रत्येक सूक्ष्म गाळणीला रक्त आणणारी एक बारीक रोहिणी असते आणि तिथून नेणारी दुसरी. अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक दोन्ही आवळतं, पण नेणारीला जास्त. त्यामुळे किडनीतून वाहणारं रक्त घटतं, तरी गाळणीतला दाब टिकून गाळण चालू राहतं. जुलाबाने अंगातलं पाणी गेलं की हीच सोय कामी येते. मात्र मधुमेहासारख्या आजारात हा दाब वर्षानुवर्षं चढा राहिला, तर गाळण्या झिजतात आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. जास्त गाळणारी किडनी निरोगीच, हेही खरं नाही. मधुमेहाच्या सुरुवातीला गाळण्याचा वेग अनेकदा वाढलेलाच असतो.

टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारख्या गोळ्या अँजिओटेन्सिन-२चा हाच परिणाम रोखून नेणारी रोहिणी सैल करतात. गाळणीतला दाब उतरतो, गाळण किंचित मंदावतं, क्रिएटिनिन थोडं चढतं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात. त्याहून जास्त वाढली किंवा पोटॅशियम चढलं, तर दोन्ही किडन्यांच्या रोहिण्या अरुंद आहेत का, यासारखी कारणं शोधावी लागतात. याच प्रकारच्या कॅप्टोप्रिल या गोळीची १९९३ साली प्रसिद्ध झालेली चाचणी या बाबतीत बोलकी आहे: टाइप-१ मधुमेहाने किडनी बिघडलेल्या रुग्णांत क्रिएटिनिन दुप्पट होण्याचा धोका जवळपास निम्म्यावर आला.

किडनी ही बीपीची फक्त बळी, असंही अनेकांना वाटतं. १८९८ साली टायगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या किडनीचा अर्क सशांना टोचला आणि रक्तदाब वाढला. त्या द्रव्याला त्यांनी रेनिन म्हटलं. अँजिओटेन्सिनची साखळी तिथूनच सुरू होते.

गोळीवर संशय घेणारे पेनकिलर मात्र बिनधास्त घेतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही औषधं आणणारी रोहिणी उघडी ठेवणारी प्रोस्टाग्लँडिन्स रोखतात. बीपीची गोळी, लघवी वाढवणारं औषध आणि पेनकिलर एकत्र आले, त्यात उलट्या-जुलाब झाले, तर गाळण कोसळू शकतं. अशा दिवसांत बीपीची गोळी थोडे दिवस थांबवायची का, हे डॉक्टरांना फोन करून त्याच दिवशी विचारायला हवं.