दिव्याचा डाख कसा निवडावा?

चकलांबा हे बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातले गाव. या भागातली पुष्कळ कुटुंबे दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. साखर कारखान्याच्या परिसरात कोपी बांधून राहतात. कोपीत बहुधा वीज नसते. पहाटे अंधारात भाकरी थापायची आणि अंधारातच कोयता घेऊन फडात जायचे. पायाखाली काय आहे ते दिसत नाही. अशा वेळी जवळ दिवा हवाच. दिवसा उन्हावर भरायचा आणि रात्री लावायचा, असा सौर दिवा त्यासाठी फार सोयीचा.

हा दिवा तयार मिळतो. त्याचे सुटे भागही मिळतात. सुट्या भागांच्या संचाला किट म्हणतात. किट आणून दिवा आपल्या हाताने जोडता येतो, आणि बिघडला तर दुरुस्तही करता येतो. हे काम फक्त शहरातल्या शिकलेल्या माणसांचे, असे समजू नका. मुंबईच्या आय.आय.टी. या संस्थेने 2014 च्या सुमारास शाळकरी मुलांसाठी सौर दिव्यांची मोठी योजना चालवली. त्यातले दिवे खेड्यांतल्याच माणसांनी शिकून जोडले. त्यांना जमले, ते आपल्यालाही जमेल.

दिव्यात एक लहानशी पाटी असते. तिच्यावर तांब्याच्या बारीक वाटा असतात. प्रत्येक भागाची तार या तांब्याला सांधावी लागते. ज्या धातूने सांधतात त्याला डाख म्हणतात. शहरातले कारागीर सोल्डर म्हणतात. दिव्याचा सगळा जीव या सांध्यात असतो. सांधा कच्चा राहिला तर ट्रॅक्टरच्या हिसक्याने तो सुटतो. मग घरी चांगला चाललेला दिवा नेमका फडात विझतो. म्हणून डाख घेताना तीन गोष्टी पाहायच्या.

पहिली गोष्ट : धातू कोणता?

नेहमीचा डाख कथील आणि शिसे यांचा असतो. कथील एकटे 232 अंश उष्णतेला वितळते. शिसे एकटे 327 अंशांला वितळते. दोन्ही एकत्र केले तर किती अंशांला वितळेल? तुम्ही म्हणाल, मधे कुठे तरी. पण गंमत अशी, की 63 भाग कथील आणि 37 भाग शिसे घेतले तर ते 183 अंशांलाच वितळते. शिवाय ते झटकन पातळ होते आणि झटकन घट्ट होते.

डाखाच्या रिळावर 63/37 किंवा 60/40 असे आकडे असतात. पहिला आकडा कथलाचा, दुसरा शिशाचा. हे दोन्ही डाख किटला चांगले. 40/60 चा डाख स्वस्त पडतो, कारण त्यात महाग कथील कमी असते. पण तो निवताना बराच वेळ गुळाच्या पाकासारखा राहतो. तेवढ्यात हात हलला की सांध्याला आतून तडा जातो. वरून तो दिसतही नाही. चार पैसे वाचवायला जावे आणि दिवा गमवावा, असे होते.

बिनशिशाचा डाखही मिळतो. एका प्रकारात 99.3 भाग कथील आणि 0.7 भाग तांबे असते. तो 227 अंशांला वितळतो, म्हणून डाख देण्याची कांडी जास्त तापवावी लागते. त्याचा सांधा थोडा मळकट दिसतो. ती खोट नव्हे. युरोपात 1 जुलै 2006 पासून बहुतेक नव्या विद्युत मालात शिशाला बंदी आहे. आपल्या देशातल्या ई-कचऱ्याच्या नियमांनीही शिशावर मर्यादा घातली आहे.

मग घ्यावा कोणता? नव्या हाताला 60/40 सोपा जातो. पण घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल आणि काम राहत्या खोलीतच करायचे असेल, तर बिनशिशाचाच घ्या. दिवे विकायचे असतील तरीही बिनशिशाचाच बरा.

दुसरी गोष्ट : डाखाच्या पोटात काय आहे?

कल्हईवाला तुम्ही पाहिला असेल. तो तापल्या भांड्यात आधी नवसागर टाकतो, मग कथील फिरवतो. नवसागर तांब्या-पितळेवरचा मळ काढतो. मळ निघाल्यावाचून कथील धरत नाही. दिव्याच्या पाटीवरचा मळही असाच काढावा लागतो. पण तिथे नवसागर किंवा तेजाब चालत नाही, बरं का! भांडे धुता येते. पाटीच्या फटीत राहिलेला नवसागर ओल धरतो. त्याने हिरवे जंगाल चढते आणि काही दिवसांनी बारीक तार खाल्ली जाते.

म्हणून पोटात राळ भरलेली डाखाची तार घ्या. राळ चीडसारख्या झाडाच्या चिकापासून होते. ती मळ काढते, पण तांबे खात नाही. दुकानदाराला "रोझिनवाला सोल्डर द्या" असे सांगा. पत्र्याच्या कामाचा डाख दिला तर परत करा.

तिसरी गोष्ट : तार किती जाड?

किटमधले सांधे तांदळाच्या दाण्याएवढे असतात. त्यांना 0.8 ते 1 मिलिमीटर जाडीची तार पुरते. जाड तारेचा डाख पसरतो. शेजारच्या दोन वाटा जोडल्या जातात आणि दिवा लागतच नाही.

डाख देताना पाटीचे तांबे आणि भागाची तार दोन्ही एकदम तापवा. मग डाख सांध्याला टेकवा, नुसता कांडीला नव्हे. दोन-तीन सेकंद पुरे. निवेपर्यंत हलवू नका. चांगला सांधा कोपीच्या छपरासारखा चारी बाजूंनी उतरता दिसतो. गोळीसारखा वर बसला असेल तर तो कच्चा. पुन्हा तापवा.

शिशाला जपा

शिसे हे विष आहे. ते हातावरून भाकरीत आणि भाकरीतून पोटात जाते. लहान मुलांच्या मेंदूला त्याने कायमची इजा होते. म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुवा. काम करताना खाऊ नका, विडी ओढू नका. डाखाची तार दातांत धरू नका. खाली पडलेले कण ओल्या फडक्याने पुसून घ्या. धूर निघतो तो राळेचा. त्याने खोकला आणि दमा होतो, म्हणून दार-खिडकी उघडी ठेवा.

आणि एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगा. हा डाख घागरीला, दुधाच्या किटलीला किंवा स्वयंपाकाच्या भांड्याला कधीही लावू नका. ताक, चिंच असल्या आंबट पदार्थांत शिसे उतरते. भांड्याचे भोक बुजेल, पण पोरांच्या पोटात विष जाईल.

तेव्हा दुकानात गेल्यावर रीळ हातात घ्या. त्यावरचे आकडे स्वतः वाचा. आता तुम्हांला वाचता येते. वाचून, विचारून मगच पैसे द्या.