रुग्णाच्या वतीनें कोणीं बोलावें ?

भातकुलीच्या एखाद्या घरांतील वृद्ध पिता अमरावतीच्या रुग्णालयांत यंत्राच्या बळावर श्वास घेत असतो. आशा मावळल्यावर यंत्र काढावें काय, हा प्रश्न पुत्रापुढें येतो. काढावें तर पित्याला मारल्याचें शल्य. न काढावें तर त्याचे हाल!

हाच प्रश्न अरुणा शानबाग यांच्या निमित्तानें सर्वोच्च न्यायालयापुढें आला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील या परिचारिका १९७३ सालच्या हल्ल्यानंतर आपली इच्छा सांगण्यास असमर्थ झाल्या. त्यांचें अन्न थांबवावें, असा अर्ज झाला. पण त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांचा त्यास विरोध होता. २०११ सालीं न्यायालयानें शुश्रूषा करणारांचाच शब्द मानला. २०१५ सालीं मृत्यु येईपर्यंत ती सेवा चालली.

पुढें २०१८ चा निकाल व २०२३ मधील दुरुस्ती यांनीं रीत घालून दिली. उपचार करणारा डॉक्टर व दोन तज्ज्ञ प्रथम मत देतात. नंतर दुसरें त्रिसदस्य मंडळ तें पडताळतें. आप्तांची संमति आवश्यकच असते. सज्ञान मनुष्यास आपली इच्छा दोन साक्षीदारांसमक्ष लिहून, नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून ठेवतां येते.

अशा विचारविनिमयानें दुःख टळत नाहीं. परंतु निर्णयाचा भार एकट्या पुत्राच्या माथीं राहत नाहीं. वडिलांची इच्छा मात्र ते बोलते असतांनाच विचारून ठेवावी.