खिशातलं धरण, काजव्यांचं भंडार!

स्टोरेजची गोष्ट सांगायची तर भंडारदऱ्यातच सांगायला हवी. गावाच्या नावातच भंडार आहे, मंडळी!

मे संपत आला की अकोले तालुक्यातल्या या डोंगरांत काजवे येतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, झाडंच्या झाडं लुकलुकायला लागतात. मागोमाग ट्रायपॉड खांद्यावर टाकून फोटोग्राफर हजर!

फोटोत दिसणारा काजव्यांचा तो सडा बहुतेकदा एका क्लिकचा नसतो, माहीत आहे का? कॅमेरा एका जागी रोवायचा, वीस-तीस सेकंदांचे शॉट घेत राहायचं आणि मग कम्प्युटरवर ते एकावर एक चढवायचे. एक रॉ फाइल 30 एमबीची धरा. 300 शॉट झाले की एकाच झाडाचे 9 जीबी!

हा ऐवज मावतो कुठे? तळहातावर बसणाऱ्या एक्स्टर्नल एसएसडीत.

आणि काजव्याचं तिच्याशी नावाचंच नातं आहे. एसएसडीच्या पोटात असते फ्लॅश मेमरी. तोशिबा कंपनीतले इंजिनिअर फुजिओ मासुओका यांनी ती शोधली आणि 1984 मध्ये जगापुढे मांडली. यातली माहिती एका झटक्यात पुसली जाते हे पाहून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांना कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला. झालं बारसं! (काजव्यांच्या झाडाखाली मात्र कॅमेऱ्याचा फ्लॅश अजिबात नको. नर प्रकाशाच्या खुणेने मादीला बोलावतो. आपल्या झगमगाटात ती खूणच बुडून जाते.)

आता चला भंडारदऱ्याच्या धरणावर. प्रवरेवरचं हे विल्सन डॅम 1926 मध्ये पूर्ण झालं. ते पाणी अडवतं. एसएसडी काय अडवते? इलेक्ट्रॉन! अब्जावधी सूक्ष्म कप्पे, प्रत्येकाभोवती इन्सुलेशनची भिंत, आत इलेक्ट्रॉन कोंडलेले. लॅपटॉपमधून काढली तरी ते जागचे हलत नाहीत. आणि खरी धमाल पुढे आहे. माहिती वाचायची पद्धतसुद्धा धरणासारखीच, पातळी बघून! टीएलसी प्रकारात एका कप्प्यात 8 पातळ्या ओळखतात, म्हणजे 3 बिट. क्यूएलसीत 16, म्हणजे 4 बिट. धरणाच्या मोजपट्टीवर पाणी कुठवर आलं ते बघतात ना, अगदी तसं.

धरण झिरपतं, तसे हे इलेक्ट्रॉनही हळूहळू निसटतात बरं का. म्हणून फोटो भरून एसएसडी कपाटात वर्षानुवर्षं टाकून ठेवू नका. दर काही महिन्यांनी जोडा, चार फाइल उघडून बघा.

टीएमसी आणि जीबी चुलत भावंडं आहेत, माहीत आहे का? टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट. हजार दशलक्ष म्हणजे अब्ज, आणि अब्ज म्हणजेच गिगा! भंडारदऱ्याची क्षमता सुमारे 11 टीएमसी. एका घनफुटाला एक बाइट धरला तर अख्खं धरण 11 जीबीत आटोपलं. 1 टीबीच्या एसएसडीत अशी नव्वद धरणं मावतील!

पण नवीकोरी 1 टीबी विंडोजला जोडली की दिसतात 931 जीबीच. उरलेले कुठे गेले? कुठेच नाही! कंपनी 1,000 च्या पटीत मोजते, विंडोज 1,024 च्या. धरणातल्या मृतसाठ्यासारखा एक राखीव साठा एसएसडीतही असतो. झिजलेल्या कप्प्यांची जागा घ्यायला तो आतच दडलेला असतो, या हिशेबात तो कधी दिसत नाही.

जवळचं कळसूबाई शिखर किती उंच? 1,646 मीटर, म्हणजे 5,400 फूट. लॅपटॉपमधली जुनी हार्ड डिस्क मिनिटाला किती गिरक्या घेते? बहुतेकदा 5,400! एसएसडीची गिरकी मात्र शून्य. आत फिरणारं काही नाहीच, म्हणून सांदण दरीतल्या खडकांवरून उड्या मारत जाणाऱ्या सॅकमध्ये तीच बरी. घाटघरच्या पावसासाठी झिपलॉक पिशवी आणि सिलिका जेलची पुडी तेवढी सोबत द्या.

1991 मध्ये सनडिस्कने, म्हणजे आजच्या सॅनडिस्कने, आयबीएमला फ्लॅशवर चालणारी एसएसडी दिली. जागा 20 एमबी, किंमत सुमारे 1,000 डॉलर. काजव्याची एक रॉ फाइलही मावली नसती!

एसएसडी ज्यातून जोडतो त्या यूएसबीच्या जनकांपैकी एक, अजय भट्ट, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकले. आणि सयाजीराव महाराज मूळचे कुठले? आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे!

यूएसबीवरून आठवलं. फोन चार्जिंगची केबल एसएसडीला बसते, पण त्यातल्या कित्येक यूएसबी 2 च्या चालीच्या असतात. तिच्यावरून 64 जीबी लॅपटॉपवर उतरवायला साधारण अर्धा तास. 10 जीबीपीएसची केबल, तसंच पोर्ट आणि लॅपटॉपची ड्राइव्हही वेगवान असेल तर मिनिटा-दीड मिनिटात काम फत्ते. एसएसडीसोबत आलेली केबल जपा, प्लीज!

विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालवायची? फॉरमॅट एक्सफॅट ठेवा. आणि काढताना आधी इजेक्ट, मग हात.

बॅकअपचा गाजलेला 3-2-1 नियम एका फोटोग्राफरने, पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केला, माहीत आहे का? तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. भंडारदऱ्यात रात्री खोलीवर परतलात की चिखलाचे बूट दाराशी ठेवा आणि आधी कॅमेऱ्याच्या कार्डाची कॉपी लावा. एक लॅपटॉपवर, एक एसएसडीवर. दोन्हीकडच्या फाइल उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. फोटो हरवले तर लगेच पुन्हा काढता येणार नाहीत: पाऊस जोराचा लागला की काजवे दिसेनासे होतात, ते थेट पुढच्या मेपर्यंत.

आणि हो, काही एसएसडींवर एक इवलासा दिवा असतो, कॉपी चालू असताना तो लुकलुकतो. अंधारात तो भलताच डोळ्यांत भरतो. ट्रायपॉडशेजारी एसएसडी जोडायचीच असेल, तर त्यावर काळ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावा.