घोडी सांभाळायला दिली, लस राहून गेली. विकताना जबाबदारी कोणाची?

बुलढाणा : गावाकडे जनावर सांभाळायला देणे नवे नाही. कोणी गाय अर्ध्या बटईने देतो, कोणी पेरणीपुरता बैल देतो, तर कोणी वरातीची घोडी लग्नसराईसाठी पाहुण्याकडे ठेवतो. व्यवहार तोंडी होतो. चारा कोणाचा, कमाईत वाटा किती, हे ठरते. पण लस कोणी द्यायची, हा विषय निघतच नाही. मग जनावर परत येते, बाजारात विकले जाते आणि भांडण तिथून सुरू होते.

समजा, चिखली तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने आपली घोडी मोताळा तालुक्यातल्या नातेवाइकाकडे दोन हंगामांसाठी दिली. देताना धनुर्वाताची लस झालेली होती. पुढचा डोस वर्षाने होता, तो राहून गेला. मालकाला वाटले, ‘त्यानं दिला असंल.’ नातेवाइकाला वाटले, ‘घोडी त्याची, तो बघंल.’ घोडी परत आली आणि मालकाने ती ‘सगळ्या लशी झालेल्या आहेत’ असे सांगून विकली. महिनाभरात घोडीच्या खुराला खिळा लागला आणि धनुर्वात झाला. आता घेणारा दारात उभा आहे. पैसे कोणी द्यायचे?

घोड्याला लस का महत्त्वाची?

पाळीव जनावरांत धनुर्वाताचा धोका घोड्याला सर्वात जास्त. या रोगाचे जंतू मातीत आणि लिदीत असतात. खिळा, काच, चुकीचा ठोकलेला नाल किंवा खच्चीकरणाची जखम एवढे निमित्त पुरते. घोडा ताठरतो, जबडा घट्ट बसतो, शेपूट उचललेली राहते, डोळ्यावर आतला पडदा येतो. थोड्याशा आवाजानेही तो दचकतो. एकदा लक्षणे दिसली की उपचार महाग आणि वाचण्याची खात्री कमी.

लस मात्र साधी आहे. पहिल्या वेळी चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन डोस आणि नंतर साधारण दरवर्षी एक. मध्ये मोठा खंड पडला असेल, तर एक डोस पुरेल की दोन्ही पुन्हा द्यावे लागतील, हे पशुवैद्यक ठरवतात. लस दिल्याबरोबर संरक्षण मिळत नाही, त्याला दिवस लागतात. म्हणून बाजाराच्या आदल्या दिवशी सुई टोचून ‘लस झाली’ म्हणणे म्हणजे घेणाऱ्याची फसगतच.

ग्लँडर्स या रोगावर तर लसच नाही, रक्ताची तपासणी हाच मार्ग. हा रोग माणसालाही होतो. नाकातून घट्ट शेंबूड किंवा अंगावर फुटणाऱ्या गाठी दिसल्या, तर घोडा बाजारात नेऊ नये, लगेच दवाखान्यात कळवावे. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे अशा रोगाचा संशय आला तर कळवण्याची जबाबदारी फक्त मालकाची नाही, जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याचीही आहे.

कायदा काय म्हणतो?

दुसऱ्याची वस्तू काही कामासाठी ताब्यात घेतली, तर काय जबाबदारी येते, हे भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये सांगितले आहे. जनावरालाही तेच लागू होते.

कलम १५१ प्रमाणे, सांभाळणाऱ्याने ती वस्तू साधारण शहाणा माणूस स्वतःची जपेल तशी जपली पाहिजे. लस त्यानेच द्यायची असे ठरले असेल आणि त्याने ती टाळली, तर नुकसान त्याच्याकडे मागता येते. काहीच ठरले नसेल, तर वाद होतो. त्याने स्वतःच्या जनावरांना लस दिली आणि तुमच्याच घोडीला नाही, असे निघाले तर त्याची बाजू पडते.

जबाबदारी मालकावरही आहे. कलम १५० मध्ये घोड्याचेच उदाहरण दिले आहे. घोडा खोडकर आहे हे माहीत असून मालकाने सांगितले नाही आणि घेणारा पडून जखमी झाला, तर भरपाई मालकाने द्यायची. म्हणून लाथ मारते, चावते, लस कधी झाली, हे देतानाच सांगावे.

कलम १६३ तर बटईवाल्यांनी लक्षात ठेवावे असे आहे. वेगळे काही ठरले नसेल, तर सांभाळायला दिलेल्या गाईला झालेले वासरूही मालकाला परत द्यायचे असते. वासरात वाटा हवा असेल, तर आधीच ठरवावे.

विकताना गप्प बसले तर?

इथेही कायद्यात घोडाच आहे. कलम १७ मधील उदाहरण असे : लिलावात घोडा विकताना त्यात दोष आहे हे विक्रेत्याला माहीत आहे, पण तो काही बोलला नाही. एवढ्याने ती फसवणूक होत नाही. पण घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर मी घोडा चांगला आहे असं समजतो,’ आणि विक्रेता तरीही गप्प बसला, तर ते गप्प बसणेही बोलण्यासारखेच.

वरच्या उदाहरणातला मालक तर बोललाच होता. ‘मला खरंच वाटलं होतं की लस झाली,’ हे त्याचे म्हणणे खरे असले, तरी पूर्ण सुटका होत नाही. खात्री न करता ठामपणे सांगितलेली चुकीची गोष्ट कलम १८ मध्ये येते आणि घेणाऱ्याला व्यवहार रद्द करण्याची मागणी करता येते. म्हणजे चूक सांभाळणाऱ्याची, पण घेणाऱ्यापुढे उभा राहणार मालक. नंतर त्याने नातेवाइकाकडे मागायचे, तर हातात कागद हवा.

घेणाऱ्यानेही डोळे उघडे ठेवावेत. साधी चौकशी केली असती तर खरे कळले असते, असे दिसले तर त्याचीही बाजू कमजोर पडू शकते.

आणखी एक. सांभाळणाऱ्याला मालकाच्या परवानगीशिवाय जनावर विकता येत नाही. विकलेच, तर पैसे मोजूनही घेणाऱ्याची मालकी सहसा लागत नाही आणि विकणाऱ्यावर विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो.

बैल, गाय, शेळीचे काय?

लाळ्या-खुरकूतची लस दर सहा महिन्यांनी, घटसर्प आणि फऱ्याची पावसाळ्याआधी, लम्पीची वर्षातून एकदा दिली जाते. २०२२ मध्ये लम्पीमुळे राज्यातले जनावरांचे बाजार बंद करावे लागले होते, हे जिल्ह्यातले शेतकरी विसरलेले नाहीत. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांच्या कानातल्या बिल्ल्यावर १२ अंकी क्रमांक असतो. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. या क्रमांकावर लसीकरणाची नोंद होते. ती दवाखान्यात विचारता येते. घोड्याची नोंद मात्र आपणच जपून ठेवावी लागते.

एवढे करावे

– देताना साध्या कागदावर लिहावे : जनावराचा रंग, खुणा, भोवरे, वय, बिल्ला क्रमांक, झालेल्या लशी, पुढची तारीख, लस कोणी द्यायची आणि खर्च कोणाचा. दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात.
– लस दिली की लशीच्या बाटलीचा आणि पावतीचा फोटो त्याच दिवशी एकमेकांना व्हॉट्सअॅपवर पाठवावा.
– परत घेताना पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. डोस राहिला असेल तर तेव्हाच दोघांनी कागदावर लिहून घ्यावे.
– विकताना खरे सांगावे. ‘एक डोस राहिला आहे,’ असे पावतीवर लिहिले, तर किंमत थोडी उतरेल, पण व्यवहार पक्का राहील. सारंगखेड्याच्या यात्रेत न्यायचा घोडा असेल, तर दत्त जयंतीच्या दोन-तीन महिने आधीच लशी उरकाव्यात.
– नवीन आणलेले जनावर दोन-तीन आठवडे बाकीच्यांपासून वेगळे बांधावे.

पशुसंवर्धन विभागाच्या मदतीसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. पाहुण्यारावळ्यात कागद करायला संकोच वाटतो, हे खरे. पण घोडी मेली आणि नातेही तुटले, त्यापेक्षा देतानाच चार ओळी लिहिलेल्या बऱ्या.