नाइटक्लब बंद, चर्च चालू

31 डिसेंबर 1981 ला फ्लाइट लेफ्टनंट जेरी रॉलिंग्ज यांनी घानाची सत्ता दुसऱ्यांदा ताब्यात घेतली. पाठोपाठ रात्रीची संचारबंदी आली आणि ती दोन वर्षांहून जास्त टिकली. राजधानी अक्रामधल्या वादकांचा धंदाच रात्रीचा. हायलाइफ हे घानाचं लाडकं नाचगाणं. ट्रम्पेट, गिटार आणि ढोल यांच्या संगतीत ते रात्र रात्र चालायचं. रात्री घराबाहेर पडायचीच चोरी झाल्यावर नाइटक्लबना टाळं लागलं. त्यातच परदेशी वाद्यांवर जबर आयातकर बसलेला. फुटलेला अँप्लिफायर बदलायचा तर बँडच्या मालकाला आपला बँडच विकावा लागेल, अशी गत.

पुढचा काळ त्याहून वाईट निघाला. 1983 मध्ये दुष्काळ आणि वणव्यांनी शेती गेली आणि त्याच वर्षी नायजेरियाने हाकलून दिलेले सुमारे दहा लाख घानावासी मायदेशी परतले. उपासमारीने लोकांच्या गळ्याखालची हाडं वर आली. त्या हाडांना लोक ‘रॉलिंग्जचा हार’ म्हणू लागले. ज्यांना जमलं ते वादक जर्मनीला गेले. तिथे हॅम्बुर्ग-बर्लिनच्या स्टुडिओंत सिंथेसायझरवरचं ‘बर्गर हायलाइफ’ जन्मलं. उरलेले वादक गेले चर्चमध्ये.

घानातल्या गॉस्पेलच्या, म्हणजे ख्रिस्ती भक्तिसंगीताच्या, लाटेची सुरुवात बहुतेक जण इथून सांगतात आणि त्यात बरंच तथ्य आहे. चर्चची उपासना दिवसाढवळ्या होते, तिला संचारबंदीचा अडथळा नाही. धार्मिक कामासाठी मागवलेल्या वाद्यांना कराची झळही कमी. ड्रमसेट, कीबोर्ड, लाउडस्पीकर आणि दर रविवारी हमखास भरणारं सभागृह असं सगळं एका छताखाली देणारी दुसरी जागा देशात उरली नव्हती. अनेक वादकांची श्रद्धा खरी होती, पण श्रद्धा तर 1970 च्या दशकातही होती. 1980 च्या दशकात भर पडली ती पोटापाण्याची. ही लाट भक्तीपेक्षा कर, संचारबंदी आणि बेकारी यांनी वर उचलली, असंच मानावं लागतं.

अर्थात चर्चमध्ये आफ्रिकी ढोल शिरला तो रॉलिंग्ज यांच्यामुळे नव्हे. ते भांडण जुनं होतं, आणि चांगलंच जुनं. मेथडिस्ट मिशनरी 1835 मध्ये केप कोस्टला उतरले, तेव्हा त्यांच्याजवळ इंग्रजी स्तोत्रांची पुस्तकं होती. किनाऱ्यावरच्या फान्ते बायकांना ती वाचता येत नव्हती. त्यांनी त्यावर आपला उपाय काढला. बायबलमधली गोष्ट आपल्या भाषेत, आपल्या चालीत गायची. एकीने उचलायचं, बाकीच्यांनी धरायचं. या गाण्यांना एबिबिन्द्वोम म्हणतात. प्रवचन ऐन रंगात असताना मधेच एखादी बाई उठून गाणं सुरू करते आणि पाद्री निमूटपणे थांबतात, ही रीत फान्ते मेथडिस्टांमध्ये आजही आहे. घानाच्या गॉस्पेलचा पहिला पाया या निरक्षर बायकांनी घातला. संगीताच्या इतिहासात त्यांची नावं मात्र फारशी सापडत नाहीत.

नाव राहिलं एफ्राइम आमू यांचं. अक्रोपोंगच्या प्रेसबिटेरियन अध्यापक विद्यालयात ते संगीत शिकवत. कोट-टाय सोडून आफ्रिकी वस्त्र अंगावर घेऊन ते उपासनेला उभे राहिले, स्थानिक वाद्यं आणि स्थानिक लय चर्चच्या गाण्यात आणू लागले. वरिष्ठांना ते खपलं नाही. 1933 मध्ये त्यांना नोकरीवरून काढलं. पुढे याच आमूंचं ‘येन आरा असासे नी’ हे गाणं देशाचं दुसरं राष्ट्रगीत म्हणावं इतकं लोकप्रिय झालं आणि त्यांचं चित्र वीस हजार सेडीच्या नोटेवर छापलं गेलं. ज्या ढोलापायी त्यांची नोकरी गेली, त्याच ढोलावर नंतर नव्या चर्चांनी गर्दी जमवली.

ही नवी चर्च पेंटेकोस्टल आणि करिझमॅटिक पंथांची. आयरिश मिशनरी जेम्स मॅकिऑन 1937 मध्ये आले, त्यांच्या कामातून ‘चर्च ऑफ पेंटेकोस्ट’ उभं राहिलं. निकोलस डंकन-विल्यम्स यांनी 1979 मध्ये आणि मेन्सा ओटाबिल यांनी 1984 मध्ये आपापली चर्च काढली. शाळा-कॉलेजांतल्या प्रार्थनामंडळांतून गाणारे गट आधीच तयार होत होते. 1972 मध्ये केप कोस्टला सुरू झालेले ‘जॉयफुल वे सिंगर्स’ त्यांतले सर्वांत नावाजलेले. नव्या चर्चांमध्ये उपासनेचे सरळ दोन भाग पडले. आधी संथ ‘वर्शिप’, मग जोशातलं ‘प्रेझेस’. प्रेझेस सुरू झालं की लोक रुमाल फडकवत खुर्च्यांमधून बाहेर येतात आणि नाचतात. त्या नाचाचा ठेका ऐकला तर तो हायलाइफचाच.

आणि गाणारे बहुतेक हायलाइफवालेच होते. नाना आम्पाडू यांचं उदाहरण घ्या. 1963 मध्ये त्यांनी ‘आफ्रिकन ब्रदर्स’ बँड काढला. 1967 मध्ये आलेल्या त्यांच्या ‘एबी ते यिए’ या गाण्यात प्राण्यांची सभा भरते आणि बलदंड बिबट्या मागे बसून हरणाची शेपूट दाबून धरतो, म्हणून हरणाला तोंड उघडता येत नाही. लष्करी राजवटीच्या काळात या गोष्टीचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही. असा तिरकस गीतकार पुढे धर्मप्रचारक झाला आणि गॉस्पेल गाऊ लागला. 2021 मध्ये ते वारले. या वळणाने घानाने एक मोठा उपहासकार गमावला, ही खंत रास्त आहे.

बायकांच्या बाबतीत मात्र हिशेब उलटा लागतो. ‘कॉन्सर्ट पार्टी’ या फिरत्या नाटक-गाण्याच्या फडात बायकांची कामं पुरुषच करायचे. रंगमंचावर गाणारी बाई म्हणजे वाया गेलेली, असा समज घट्ट होता. 1950 च्या दशकात ई. टी. मेन्सा यांच्या ‘टेम्पोज’मध्ये गाणाऱ्या ज्युली ओकीन यांच्यासारखी नावं बोटावर मोजण्याइतकी. चर्चमध्ये गाणाऱ्या मुलीला मात्र आईबापही अडवू शकत नव्हते, कारण ती देवासाठी गात होती! टागो सिस्टर्स या जुळ्या बहिणी, ‘डॉटर्स ऑफ ग्लोरियस जीझस’ हे त्रिकूट, नंतर एस्थर स्मिथ, सिंडी थॉम्पसन, ओहेमा मर्सी अशी रांगच लागली. घानाच्या लोकप्रिय संगीतात बायका इतक्या मोठ्या संख्येने आल्या त्या गॉस्पेलच्या दारातून. ही या चळवळीची सर्वांत मोठी कमाई.

पुढचा धक्का रेडिओने दिला. नव्या राज्यघटनेनंतर 1995 मध्ये ‘जॉय एफएम’ सुरू झालं. 1999 मध्ये आलेल्या ‘पीस एफएम’ने अकान भाषेत बोलायला सुरुवात केली आणि बाजारातली, ट्रोट्रोमधली, म्हणजे तिथल्या वडाप गाड्यांमधली जनता ऐकू लागली. पहाटेची प्रार्थना, शनिवारचा अंत्यविधी, रविवारचं चर्च, प्रत्येक ठिकाणी गॉस्पेलची कॅसेट. राजकारण्यांनाही तिची ताकद कळली. 2000 च्या निवडणुकीत जॉन कुफुओर यांच्या पक्षाने सिंडी थॉम्पसन यांचं ‘अवुराडे कासा’ हे प्रार्थनागीत प्रचाराला लावलं आणि निवडणूक जिंकली.

सगळ्यांनाच हा आवाज गोड लागला असं नाही. अक्राच्या मूळच्या गा लोकांत होमोवो सणाआधी सुमारे महिनाभर ढोल वाजवायला बंदी असते. पेरलेलं धान्य शांततेत वाढावं हा त्यामागचा भाव. करिझमॅटिक चर्चनी ही बंदी धुडकावली. 1998 मध्ये त्यावरून चर्चवर हल्ले झाले, वाद्यं फोडली गेली आणि पुढची काही वर्षं दर मे महिन्यात पोलिसांना जागं राहावं लागलं. ज्या आफ्रिकी ढोलासाठी आमू भांडले, तो आता आफ्रिकी परंपरेविरुद्धच वाजू लागला होता. टीका घरातूनही झाली. गॉस्पेल गायक कोडा यांनी ‘न्सेम पी’ या गाण्यात पैशामागे लागलेल्या पाद्र्यांची हजेरी घेतली, तेव्हा चर्चमधल्याच अनेकांनी माना डोलावल्या. कोडा 2024 मध्ये गेले.

2021 च्या जनगणनेत 71.3 टक्के घानावासी ख्रिस्ती निघाले. एकूण लोकसंख्येत 31.6 टक्के पेंटेकोस्टल किंवा करिझमॅटिक. देशातल्या प्रमुख संगीत पुरस्कारांत ‘वर्षाचा सर्वोत्तम कलाकार’ हा मान 2017 मध्ये जो मेटल यांना मिळाला. तोवर कुठल्याही गॉस्पेल गायकाला तो मिळाला नव्हता. 2021 मध्ये तोच मान इंग्लंडमध्ये परिचारिका म्हणून काम करणाऱ्या डायना हॅमिल्टन यांच्याकडे गेला. अक्राच्या नव्या बँडमधले ड्रमर आणि कीबोर्डवाले हात बसवतात ते चर्चमध्येच, कारण बाहेर वाद्यं अजून महागच आहेत.

हा प्रवास कानाने तपासायचा असेल तर आधी नाना आम्पाडूंचं एखादं जुनं गिटारचं हायलाइफ ऐका आणि लगोलग ‘डॉटर्स ऑफ ग्लोरियस जीझस’चं एखादं गाणं लावा. शब्द कळले नाहीत तरी चालेल, गिटारकडे लक्ष ठेवा.